सोल्लालनंतरचा अबोला

१७ फेब्रुवारी

सोल्लाल. आम्हा कोरियन लोकांच्या चांद्र नव्या वर्षाची पहिली सकाळ, आणि घरात भांडण! पूर्वजांपुढे ताट मांडलं. तांदळाच्या चकत्यांचं सूप, नाशपाती, सुका मासा, ह्यांची आवडती तांदळाची दारू. मुलगा दोह्वान कामावर, दूर बोटीवर, म्हणून त्याच्या जागी सुनेनं वाकायचं. झुल्फिया हात बांधून उभी! म्हणे, आम्ही अल्लाशिवाय कुणापुढे डोकं टेकत नाही.

माझा तोल सुटला. "ह्या घरचा भात चालतो, मग ह्या घरच्या मेलेल्यांचं वावडं कसलं?"

तेव्हापासून अबोला.

१९ फेब्रुवारी

तिनं सकाळी खाल्लं नाही. दुपारी जेवली नाही. पाणीसुद्धा नाही! दिवस मावळल्यावर दोन खजूर आणि स्वतः केलेलं सूप. माझ्या भाताच्या टोमण्याचा सूड उगवतेय.

२० फेब्रुवारी

उझबेकिस्तानात आईला फोन, तासभर. आवाज खाली. कपाटावरची बॅगही खाली आलीय. दोह्वान परतायच्या आत ही निघून जाणार. मग मी भिंतींशी बोलत बसू? आणि त्याला काय तोंड दाखवू?

ठीक आहे. ती जेवत नाही ना? मीही नाही. बघू कोण आधी थकतं.

२१ फेब्रुवारी

पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात चमच्यांचा आवाज. चोरून खाते! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

मी मात्र दिवसभर तिच्यासमोर घोटभर पाणी प्याले नाही. मावळतीला तिनं पहिला खजूर माझ्यापुढे सरकवला. लाच असणार. घेतला, पोटात कावळे ओरडत होते.

२२ फेब्रुवारी

दुपारी राहवेना. किमचीच्या रांजणांमागे उभी राहून तांदळाच्या दोन वड्या खाल्ल्या. कुणी पाहिलं नाही.

२३ फेब्रुवारी

बॅगेत डोकावले. कपडे नाहीत. नमाजाची चटई आणि एक कागद, त्यावर तीस चौकोन. चारांवर फुली. शेवटच्या चौकोनापुढे चंद्रकोर काढलेली. जायचे दिवस मोजतेय! मला भीती वाटते. 'चुकले' म्हणायला जीभ रेटत नाही.

२४ फेब्रुवारी

आज मावळतीला तीच बोलली. "आई, रमजानचा महिना लागलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर रागात गप्प होते, आणि तुम्ही आपणहून माझ्यासोबत रोजे धरलेत. माझ्या आईला सांगितलं, तर ती फोनवर रडली."

मी नुसती मान हलवली. त्या दोन वड्यांचं फक्त ह्या वहीला ठाऊक. उद्या पहाटे चारला उठायचंय. सूप मी करणार, दोघींचं.