अज्ञात वायू आमच्या कढईतला आहे

प्रति,
मा. स्थानक अधिकारी साहेब,
पिंपळपार अग्निशमन केंद्र,
नाशिक रोड.

विषय : घटना अहवालातला "अज्ञात विषारी वायू" हा शेरा दुरुस्त करणे व जप्त कढई आतल्या मालासकट परत मिळणेबाबत.

संदर्भ : मागच्या सोमवारी आमच्या दारात आलेली आपली लाल गाडी.

महोदय,

मी, सुवर्णा गोटीराम थेटे, पिंपळपार कॉलनीत घरगुती काळा मसाला करून देते. मिरची आमच्याच मळ्यातली, कांदा विंचूरचा. आमच्या गल्लीत मसाल्याची पारख जिभेवर होत नाही. मी मिरची भाजायला घेतली की पलीकडच्या लताबाई खोकल्या, तर मसाला जमला. रिक्षा स्टँडवरचे मुबीनभाई शिंकले, तर उत्तम जमला. सोमवारी स्टँडच्याही पुढे, बसची वाट बघणारी माणसं डोळे पुसत होती. असा घाणा नशिबानं साधतो.

नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावर सुयश नावाचे भाडेकरू नवीन आलेले. त्यांनी लोकांना नाकाला रुमाल लावून पळताना पाहिलं आणि गॅसगळती समजून आपल्याला फोन केला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. नंतर त्यांनीही पाव किलो सांगितला.

आपल्या जवानांनी दारातून विचारलं, "बाई, गळती कुठंय?" मी म्हटलं, "गळती तुमच्या नाकाला आहे, कढईला नाही." हा उद्धटपणा झाला, मान्य. त्यांनी कढईवर ओलं पोतं टाकलं आणि ती मिरचीसकट पुरावा म्हणून नेली. जाताना वरील शेऱ्याचा अहवाल हातात दिला.

तो मी लॅमिनेट करून दारावर लावला. गिऱ्हाईक वाढलं. इथंच घोळ झाला. समोरचे मसालेवाले रविराज यांना वाटलं, बंब येणं म्हणजे नवीन सर्टिफिकेट. त्यांनी स्वतःच आपल्याला फोन केला आणि मिरची भाजायला बसले. आपले जवान कढईशेजारी उभे राहून निवांत चहा प्यायले. कुणाला साधी शिंक नाही. "वायू आढळला नाही" असं लिहून गेले. तेव्हापासून रविराज गल्लीभर सांगतात, "विषारी असेल हो, पण अज्ञात आहे. सुवर्णाताईंचाच कशावरून?"

तरी विनंती की "विषारी" शब्द राहू द्यावा, ठळक केला तरी चालेल. "अज्ञात" काढून तिथे माझं नाव घालावं. मोबाईल नंबरही घातला तर हरकत नाही.

कढईबाबत : ती माझ्या सासूबाईंची आहे. दुसऱ्या कढईत एक घाणा करून बघितला. लताबाई खोकल्या नाहीतच, उलट मी आजारी आहे का हे विचारायला आल्या. साहेब, या अपमानानं मला रात्रभर झोप नाही.

आपले क्लार्क म्हणतात, जप्त माल नियमाप्रमाणे नष्ट होणार. नष्ट करण्याआधी एक गोष्ट कानावर घालते. त्या घाण्याची ऑर्डर अंबूबाईंची होती. त्या काल पिशवी घेऊन आल्या आणि मसाला कुठंय विचारून गेल्या. मी अजून काही बोलले नाही. त्या आपल्या मातोश्री आहेत, तेव्हा आपणच सांगितलेलं बरं.

ठसक्याची सर्वस्वी जबाबदार, आपली नम्र,

(सही)
सुवर्णा गोटीराम थेटे
नाशिक रोड, दि. ३० एप्रिल २०२५

सोबत : मसाल्याची पुडी एक, वायूची ओळख पटवण्यासाठी. उघडण्याआधी पंखा बंद करावा.