गुप्त तक्रारदाराचे नाव माझ्याकडून फुटल्याबाबत

प्रति,
मा. सहायक कामगार आयुक्त साहेब,
सांगली.

अर्जदार : अंजना कोंडीबा पुकळे, धंदा खानावळ, ता. कडेगाव.

विषय : कामगार खडक रोका (मूळ रा. नेपाळ) यास तक्रार केल्यावरून होणाऱ्या त्रासापासून संरक्षण मिळणेबाबत.

संदर्भ : त्याचा दि. २४ मार्च २०२५ चा तक्रार अर्ज (हस्ताक्षर माझे).

महोदय,

१. खडक हा आमच्या गावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर तीन वर्षे हमाल आहे. त्याचा डबा माझ्याकडून जातो. त्याची नागरिकता, म्हणजे नेपाळ सरकारचा ओळखीचा कागद, मालक आप्पासो यांनी पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून घेतला. गार खोलीचे दार आतून उघडत नाही आणि अमोनियाचा वास येतो, एवढीच त्याची तक्रार होती. त्याला मराठी लिहिता येत नाही म्हणून मी लिहिली. नाव बाहेर जाणार नाही असे आपल्या कार्यालयातील बाईंनी सांगितले होते, आणि आपल्याकडून ते गेलेही नाही. ते माझ्याकडून गेले.

२. मला कीर्तनाचे लय वेड. खडकही टाळ धरतो. हनुमान जयंतीच्या सप्ताहात खंडाळ्याकडचे महाराज माझ्याकडे उतरले होते. चहा देताना मी भाबडेपणाने त्यांना दाराची आणि अर्जाची हकिगत सांगितली. नाव घेऊ नका, असेही म्हटले. ८ एप्रिलच्या कीर्तनात त्यांनी दृष्टांत दिला, की हिमालयाकडचा एक भाविक आपल्यात टाळ वाजवतो, त्याच्या कामाच्या खोलीला बाहेरून कडी आहे, त्याने सरकारकडे दाद मागितली. मग देहात कोंडलेल्या जीवाने कुणाकडे मागावी? नाव घेतले नाही. पण गावात टाळ वाजवणारा नेपाळी एकच. सगळ्या मांडवाचे डोळे मागच्या रांगेत गेले. खडकने टाळ छातीशी धरला. मी रडत होते, आनंदाने, हे लिहायला लाज वाटते.

३. त्या दिवशीचे अन्नदान आप्पासोंचे. पंगतीत त्यांनी स्वतः खडकला शिरा वाढला आणि हसून विचारले, "काय रं रोका, आमचं दार आतनं उघडत न्हाई व्हय?"

४. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्यालाच आत पाठवले. कडी लागली, दिवा गेला. चुकून झाले, असे मुकादम सिद्धू सांगतो. साडेबाराला मी डबा घेऊन गेले तेव्हा आतून ठोके येत होते. साहेब, ते टाळाच्या ठेक्यात होते. मी त्या वेळेला येते हे त्याला ठाऊक; ठेका ओळखीन असे त्याला वाटले असणार. ओळखलाही. पोरे पेट्या रचता रचता भजन म्हणतायत असे समजून मी बाहेरून दोन टाळ्या दिल्या, डबा ठेवला आणि घरी आले. दार तीनला उघडले.

५. तो जगला. पण कुठल्याही खोलीत शिरताना उंबऱ्यावर वीट ठेवतो, दार लागू नये म्हणून. आणि देवळात टाळ वाजले की मी भाकरी तव्यावर तशीच टाकून दाराची कडी काढते, बाहेर कुणी आहे का बघते. सप्ताहाचा काला जन्मात पहिल्यांदा चुकवला.

६. खडकचे नाव आता हजेरीतून काढले आहे. काल सिद्धू निरोप घेऊन आला : तक्रार खोटी होती असे माझ्याच अक्षरात लिहून दिले तर सोमवारी, २१ तारखेला, नागरिकता परत, नाहीतर बेदाणा चोरल्याची केस. खडक म्हणतो, "दिदी, लिहून दे. मला घरी जायचंय."

तरी विनंती की, सोमवारच्या आत येऊन त्याचा कागद त्याच्या हातात द्यावा, आणि तक्रार केली म्हणून माणसाला छळता येत नाही हे आप्पासोंना लेखी कळवावे. नाव फोडल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई असेल ती करावी. दृष्टांत मागे घेण्याची काही तरतूद असल्यास तसाही अर्ज करते. मांडवात नऊशे माणसे होती, एकेकाच्या घरी जायची तयारी आहे. जमल्यास मूळ तक्रारीवरचे त्याचे नाव खोडून माझे घालावे.

तो सध्या कुठे आहे हे इथे लिहीत नाही. आपण आलात तर तोंडी सांगीन, आपल्या एकट्यालाच.

आपण आला नाहीत तर सोमवारी मी तो कागद लिहून देणार आहे. सही माझीच असेल, अक्षरही हेच. तो आपल्याकडे पोचेल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघावेत, आणि हा खरा धरावा.

आपली नम्र व अपराधी,
अंजना कोंडीबा पुकळे
दि. १६ एप्रिल २०२५

सोबत : मूळ तक्रारीच्या पोचपावतीची झेरॉक्स. दुसरा कागद अजून लिहिलेला नाही.