अधिक बारा, उणे बारा

३ सप्टें. ९६, मंगळ.
टेंट-साउंडवाले शर्माजी सकाळीच घरी. गाण्याच्या मिक्सरचा पॉवर सप्लाय जळालाय, गणपतीआधी नवा बनवून हवा. अधिक बारा व्होल्ट, उणे बारा व्होल्ट. "वानखेड़ेजी, ये जम गया तो दुकान का सारा काम आपका." मिल बंद पडल्यावर पहिल्यांदाच कुणी 'जी' लावून काम दिलं. फार बरं वाटलं. नाही जमलं तर पीथमपूर, मेहुण्याच्या कारखान्यात चौकीदारी. तो उत्तराची वाट बघतोय.

५, गुरु.
टावर चौकातल्या दुकानातून सामान आणलं. अधिक बाजूला ७८१२, उण्या बाजूला ७९१२. व्होल्टेज बारावर धरणारे हे रेग्युलेटर तापतात, म्हणून दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने कसले, पट्टीला अर्थिंग दिलं. मिलची सवय, धातू दिसला की अर्थिंग. अधिक बाजू झकास. ७९१२ लावला की फ्यूज उडतो, काढला की टिकतो. म्हणजे तोच खराब.

७, शनि.
नवा ७९१२. पुन्हा तेच! दुकानदाराला गिऱ्हाइकांदेखत झापलं, डुप्लिकेट माल विकतो म्हणून. तो म्हणे, "भाई साब, लगाया कैसे है, वो तो बताओ." मला शिकवतोय! घरी सौ. म्हणाली, "दादाला पीथमपूरचं काय कळवू?" तिच्यावरही ओरडलो. जेवलो नाही.

८, रवि.
दुकानदाराच्या तोंडावर मारायला ७९१२ पट्टीवरून सोडवला. जाता जाता तसाच, वायरींवर लोंबकळत चालू करून पाहिला. मीटरवर उणे बारा. फ्यूज शाबूत. ७८१२च्या पाठीचा पत्रा अर्थला असतो, ७९१२च्या पत्र्यावर उणा सप्लाय येतो. अर्थिंगच्या पट्टीवर कसून मीच शॉर्ट करत होतो. मधे वीज अडवणारी अभ्रकाची चकती हवी. इतकी वर्षं मिलची वायरिंग सांभाळली आणि हे... आता मिक्सरला जोडायचीच भीती वाटते. अजून काय चुकलं असेल?

९, सोम.
अभ्रक घालून कसलं. स्कूटरचे बल्ब जोडून दुपारभर चालवलं, दोन्हीकडे बारा. जास्त तापतंय का, हात लावून लावून बघत होतो.

संध्याकाळ. शर्माजी आलेत, मिक्सर घेऊन. "सुना है दुकानवाले से झगड़ा हो गया? माल नकली था क्या?" हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सौ. दारातून बघत होती. म्हणालो, "माल बढ़िया था. मैंने ही गलत कस दिया था."

चहाचं निमित्त करून आत आलोय. इथून दिसतंय, टेबलावर ठेवलेला मिक्सर त्यांनी परत मांडीवर घेतलाय, माझा सप्लाय तसाच टेबलावर. चहा उकळला. जातो बाहेर.