चंद्रावरून आलेली पाच अक्षरं

तारकर्ली,
आश्विन वद्य एकादशी

ती. भिकाजीमामांस,

सत्यवानचा साष्टांग नमस्कार. (वाकलो की कंबर धरते, म्हणून नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे.) तळेऱ्याला सगळी मंडळी खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला काजूवर चढायची बंदी घातल्याचं कळलं. झाडांनाही जरा विश्रांती मिळेल. इकडे तुमची भाचेसून किशोरी मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे.

पत्रास कारण असं की, काल दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी तुमच्या भाच्याने चंद्र ऐकला. चंद्र स्वतः बोलत नाही. इटलीत एनरिको नावाचे एक हौशी गृहस्थ आहेत, ते चंद्राच्या दिशेने मोर्सच्या आखूड-लांब ठोक्यांत रेडिओचा संदेश सोडतात आणि तो तिथे आपटून पृथ्वीवर परत येतो. अडीच सेकंदांत साडेसात लाख किलोमीटर धावून आलेला हा संदेश इतका दमलेला असतो, की तो पकडायला भलीमोठी तबकडी लागते. माझ्याकडे तबकडी नाही. माझ्याकडे एक बांबू आहे आणि त्याला बांधलेल्या आडव्या नळ्या. त्या नळ्यांना मान वर करता येत नाही, त्या फक्त समोर समुद्राकडे बघतात. म्हणून चंद्र समुद्राला टेकतो तेवढी वीसेक मिनिटंच काय ती माझी. (त्या वेळी संदेश पाण्यावरूनही उसळून येतो आणि त्याला जोर चढतो. समुद्रकाठी राहण्याचा हा फायदा मला निवृत्तीनंतर कळला.)

बांबू उभा आहे शेजारी डॉमिंगोच्या अंगणात. डॉमिंगोकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, आणि धनत्रयोदशीला त्यात पाहुणे येणार. त्याने मला सरळ सांगितलं, “सत्यवाना, तीन वर्षां झाली. तुझो चंद्र काय बोलणा नाय. आता मी त्या बांबूक कंदील लावतंय.” त्याच्या बायकोने, लिलियनवहिनींनी, मध्यस्थी केली तेव्हा अट ठरली: एनरिकोने आधी न सांगितलेला एक शब्द पाठवायचा, मी तो ओळखायचा. ओळखला तर बांबू माझा, नाहीतर कंदिलाचा. दिवस दोनच, नवमी आणि दशमी.

नवमीला मी सकाळी सात पन्नासला कानाला हेडफोन लावून बसलो. आभाळ भरलेलं, चंद्र दिसत नव्हता. आमची शेजारीण मथुरा खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढून विकते. ती टोपली घेऊन ओहोटीची वाट बघत होती. ती म्हणाली, “खंय बघतस रे? पाणी भरलेला आसा, म्हणजे चंद्र डोक्यार. तो टेकता तेवा खाडी सुकता.” मी तिला सांगितलं की मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो. संध्याकाळी एनरिकोचा मेल आला: वीस मिनिटं हाका मारल्या, तुम्ही कुठे होता? त्यांनी जागतिक वेळ कळवली होती आणि मी ती आपली समजलो. (बत्तीस वर्षं परदेशचे कॉल जोडताना हे साडेपाच तास मी लोकांना समजावून सांगत असे.)

दशमीला पुन्हा ढग. या खेपेस मी घड्याळ खिशात ठेवलं आणि मथुराला विचारलं. तिने खाडीकडे पाहिलं. “अजून गुडघाभर आसा. थांब.” तासाभराने खाडीतली वाळू उघडी पडली तेव्हा म्हणाली, “आता धर.” आणि मामा, धरला. कागदावर एकेक अक्षर उतरत गेलं, पुन्हा पुन्हा तीच पाच रोमन अक्षरं, पे-शे असा काहीतरी शब्द. लिलियनवहिनींनी सर्वांसमक्ष मेल केला आणि एनरिकोचं उत्तर आलं: शब्द अचूक, इटालियनमध्ये अर्थ मासा. डॉमिंगोने माझा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “चंद्रार जावन इलो आणि शेवटी माशारच?” कंदील आता माडाला लागणार आहे. आज सकाळपासून डॉमिंगो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आहे की हा बांबू मूळचा त्याचाच.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सत्यवान

ता. क. ‘चंद्र ऐकला’ असं वर लिहिलं आहे, त्यात किंचित दुरुस्ती. हेडफोन मथुराच्या कानांवर होते. मला दोन्ही दिवस नुसता सूंऽऽ असा आवाज येत होता, म्हणून दशमीला ते तिला लावले. तिला जे आखूड-लांब ऐकू आलं ते ती शिंपल्याने टोपलीच्या काठावर वाजवत गेली आणि मी तिच्या हाताकडे बघून त्याची अक्षरं केली.

ता. क. दुसरा. तुम्ही कानाचं नवीन यंत्र घेतल्याचं कळलं. जुनं पेटीत पडून असेल तर कृपया पाठवा, पण पार्सल मथुराच्या नावावर करा. मी मुद्दाम ऐकत नाही, अशी किशोरीची सहा वर्षांपासून समजूत आहे. मला ऐकूच येत नाही हे कळलं, तर ती पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगेल, आणि यंत्र लावून ते मला ऐकावं लागेल.