पहिल्या दिवाळसणाची पिसं

बसवनगुडी, बेंगळूरु
फाल्गुन, एकादशी (उपास आहे, म्हणून लिहायला सवड)

चि. निहारराव यांस वासंतीबाईंचे आशीर्वाद, आणि जावई म्हणून नमस्कारही. (दोन्हींतलं जे चालेल ते ठेवून घ्या.) पुण्याला सगळी खुशाल असाल. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? आमची भार्गवी वेळेवर जेवते ना? ताट समोर ठेवून वाचत बसायची तिची खोड जुनी आहे, रागावत जा. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन आला की आमचे हे जवळ येऊन बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. मग मी हवापाण्याचंच बोलते.

तर तुम्ही दिवाळसणाला आला होतात, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात, त्यात ह्यांनी या खेपेला सात डायनासोर केले होते. कागदाच्या लगद्याचे, कोंबडीएवढे, दोन पायांवर पळणारे, सगळे मांसाहारी. (ज्या घरात अंडं येत नाही त्या घरात, विष्णूच्या खालच्या पायरीवर. मी बोलले तर म्हणाले, बारीक आहेत, सरडे-किडे खातात, विष्णूला काही करणार नाहीत.) चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस, एकेक खवला नखाने दाबून काढला होता. तीन महिने लागले. तुम्हाला दाखवायचे म्हणून दसरा उलटला तरी ते मांडलेलेच होते. ओवाळणं झाल्यावर ह्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, जावईबापू, काय हवं ते मागा. तुम्ही भिडस्त, वर जीवाश्मांत पीएचडी केलेले. म्हणालात, "काही नको हो, यांना फक्त पिसं लावा. खरं तर यांना पिसं होती." आणि हसलात. मीही हसले. हे हसले नाहीत.

भार्गवीने नंतर सांगितलं की ती थट्टा होती. त्यावर ह्यांचं उत्तर, नको म्हणणं हा जावयाचा मोठेपणा, देणं हे माझं काम. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही. भाऊबीज झाली आणि हे पिशवी घेऊन बनशंकरीला चिकनच्या दुकानात उभे. कोंबडी नको, पिसंच द्या. दुकानदाराने दोनदा तोंडाकडे पाहिलं आणि ओलं पोतं भरून दिलं. ती पिसं माझ्या न्हाणीघरात धुतली. गल्लीतली सगळी मांजरं दाराशी, आणि समोरच्या मथुराक्कांनी तेव्हापासून आमच्याकडचं तीर्थ घेणं सोडलंय. (वर मला विचारतात, "वासंती, खरं सांग, कधीपासून?" काय कधीपासून, कपाळ.) एवढं करून ती पिसं जाड निघाली, खवल्यांवर बसेनात.

मग कबुतरं. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर ज्वारी टाकायची, शंभरावर कबुतरं उतरणार, आणि हे वाकून बारीक पिसं वेचणार, झटकणार, फुंकर मारून मापाप्रमाणे डब्यांत लावणार. डबे पलंगाखाली. खोटं कशाला बोलू, पहिले तीन झाले ते सुंदर झाले. कंदी पेढ्याच्या रंगाची मान, आता वळून बघेल असं वाटे. चौथ्याला खोकला लागला. (ह्यांना. डायनासोर धडधाकट आहे.) मी आलं-मध दिलं, हे म्हणाले, स्वल्प धूळ आहे. संक्रांतीला जिना चढताना मधेच बसले, ओठ निळे. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहून पहिलंच विचारलं, घरात कबुतरं आहेत का? मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे. निम्मी फुफ्फुसं वाळलीत. गेलेलं परत येत नाही, पण पिसं घराबाहेर काढली तर उरलेलं टिकेल, असं मला बाहेर बोलावून सांगितलं. मी डबे फेकले, ह्यांनी नवे भरले. आता नाकात ऑक्सिजनची नळी लावून पिसं चिकटवतात. फुंकर मारायला श्वास पुरत नाही, म्हणून हातपंखा घेतलाय. सहा झाले, सातवा मांडीवर आहे. सातवा झाला की पहिल्याची पिसं बदलायची म्हणतात, ती घाईत लावलीत म्हणे. मला राग येतो हो निहारराव. तुमचाही येतो, लपवत नाही. आणि ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतं त्याच्या शेजारी मी बसले की फार भीती वाटते.

बाकी सगळं सरी आहे, ठीक आहे. म्हणजे नाही, पण पत्राच्या शेवटी असंच लिहायचं असतं. भार्गवीला कुरवाळून.

तुमच्या सासूबाई,
वासंती

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही ह्यांना एक पत्र लिहा. कॉलेजच्या कागदावर, शिक्का मारून. नवं संशोधन झालंय, पिसं नव्हती, खवलेच होते, मास्तरांचं बरोबर होतं. हे खोटं आहे हे मला कळतं. शास्त्राशी खोटं बोलल्याचं पाप लागत असेल तर ते मला लागू दे. मला माणूस हवाय.

ता. क. (अक्षर निराळं आहे, ओळखालच.) जावईबापू, पाकीट चिकटवायला आणि पत्ता लिहायला माझ्याकडे आलं. वासंतीचा माझ्यावर विश्वास आहे, हा तिचा जुना दोष. सगळं वाचलं. डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलल्या तशा माझ्याशीही बोलल्या, थोडं जास्तच बोलल्या. उरलेलंही टिकायचं नाही. हे तिला कळवू नका. ती म्हणते तसं पत्र जरूर लिहा, शिक्का मारून. मी ते मोठ्याने वाचेन आणि डबे तिच्यासमोर बाहेर टाकेन, तिला बरं वाटेल. सातव्याची शेपटी तेवढी राहिली आहे, तिच्यापुरती पिसं मी बाजूला काढून ठेवली आहेत. शेपटीला पिसं दोन्ही बाजूंनी होती की टोकालाच, ते वेगळ्या कागदावर, माझ्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर कळवा. जरा लवकर कळवा.