वलांडीवरचे हात

डहाणू,
२१ नोव्हेंबर २०२३

ती. भिकूदादास,
वेणूचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला नयन येऊन गेला. साडी मिळाली. रंग चांगला आहे, म्हणजे तो तुझ्या सुनेने, संगीताने निवडला असणार, तुझी ती अक्कल नाही. तुझ्या जागी तुझ्या मुलालाच ओवाळलं, पोटभर जेवायला घातलं, आणि तुला सांग म्हणून चार शिव्याही दिल्या. त्या त्याने तलासरीपर्यंतच्या रस्त्यात सांडल्या असतील. उधवा काही सातासमुद्रापलीकडे नाही. पण तुमची होडी उलटली त्या दिवसापासून तुझे पाय किनाऱ्याकडे वळत नाहीत, त्याला आता अठरा वर्षं होऊन गेली. फोनवर भांडावं तर तुला ऐकू येत नाही. म्हणून ह्या वयात मला शाळेतल्या पोरीसारखं लिहीत बसावं लागतं.

आता गंमत ऐक. मुंबईहून शूटिंगवाले आले होते. 'उरलेले' नावाची मालिका आहे. जगात रोग येतो, माणसं पटापट मरतात, गावंच्या गावं ओस पडतात आणि कुठेकुठे एकेकच माणूस उरतं. दर भागात अशा एका माणसाची गोष्ट. एका भागात आपल्यासारखं समुद्रकाठचं गाव आहे आणि त्यात एक बाई एकटी उरली आहे. नवरा बोट घेऊन गेलेला, तो आलेला नाही. ती रोज बोंबील सुकवते. खाणारं कोणी नाही, तरी सुकवते.

तर ह्या शहाण्यांनी बोंबील शेपटीला दोरे बांधून बांबूंच्या वलांडीवर लटकवले होते. मला राहवलं नाही. जग बुडालं तरी बोंबील कोणी शेपटीने टांगणार नाही, असं मी त्यांच्या दिग्दर्शकाला तोंडावर सांगितलं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची, हे करून दाखवलं. नटी बिचारी नम्र, तिने खूप प्रयत्न केला, पण तिच्या हातून जबडे फाटत होते. शेवटी ते म्हणाले की आजी, हात तुमचेच घेतो. दोन दिवस चेहरा तिचा आणि हात माझे. तुझी बहीण निम्मी नटी झाली आहे, जरा मानाने बोलत जा.

गोष्ट ऐकल्यापासून माझी जाऊ रखमी माझ्याकडे दयेने बघायला लागली. मी तिला सांगितलं की माझं वेगळं आहे. ह्यांच्या दिशेने दुसरी बोट गेली होती, ती माझ्या भावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिने उचललं असेल, नि ती बोट हद्दीपलीकडे पकडली गेली असेल. किती जणांचं तसं झालं. परवा पाकिस्तानातून सुटलेल्या खलाशांची यादी आली, ती मच्छीमार सोसायटीत जाऊन वाचून आले. ह्यांचं नाव नव्हतं. पुढच्या यादीत बघू.

सर्वांना आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, पाय तेवढे आण.

तुझी,
वेणू

*

उधवा,
१ डिसेंबर २०२३

चि. सौ. वेणूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शिव्या पोचल्या नाहीत असं समजू नकोस, नयनने एकूण एक कानाशी ओरडून सांगितल्या.

इकडे भात झोडून झालं. संगीताची पाठ धरली आहे, तरी ती ऐकत नाही. आपली नात पूर्वी आता चौथीत आहे. घरात कोण काय बोलतं ते ती मला पाटीवर लिहून दाखवते. जे सोयीचं नसेल ते गाळते, हे मला नुकतंच कळलं आहे. टीव्हीवर खाली अक्षरं येतात म्हणून माझं बरं चालतं. तुझी मालिका कधी लागणार ते कळव. आश्रमशाळेत शिपाई होतो तेव्हाचे दोन-तीन गुरुजी अजून इथेच राहतात, त्यांनाही बोलावीन.

तू दिग्दर्शकाला शिकवलंस हे वाचून हसलो. आईसुद्धा बोंबील टांगताना असंच सगळ्यांना बोलायची.

यादीचं लिहिलंस. त्यावर मी काय लिहू. उन्हातान्हात सोसायटीत खेपा घालू नकोस, कोणाला तरी पाठव. गुडघे दुखतात म्हणून मला प्रवास जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. एकटी आहेस, वेळेवर जेवत जा.

वडीलकीने एवढंच, माया कमी समजू नये.

तुझा,
भिकूदादा

*

डहाणू,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. भिकूदादास,
वेणूचा सा. न. वि. वि.

शनिवारी भाग लागला. तू पाहिलास ना? रखमीच्या घरी आम्ही पंधरा-वीस बायका बसलो होतो. माझे हात आले की सगळ्या माझ्याकडे वळून बघायच्या, आणि मी उगाच पदराखाली हात घ्यायची. आपलेच हात दुसरीच्या अंगाला लागलेले बघून कसंतरीच होतं. रखमीच्या मोठ्या टीव्हीवर किती म्हातारे दिसतात.

पण दादा, त्यांनी काय दाखवलंय रे. ती बाई सकाळी उठते आणि ओस पडलेल्या एकेका घरापुढे थांबून आत कोण राहायचं त्याचं नाव घेते. मग स्वतःच्या दाराशी येते आणि तिथे मात्र काही बोलत नाही. सुरुवातीला बायका हसत होत्या. इथे एकेकीने पदर तोंडाला लावला. मी तसं घरोघर करत नाही. पण जेवताना समोरचा पाट मीही अजून मांडते. हे तुला लिहायला मला लाज नाही.

मग तो वाटसरू येतो. कुठूनतरी चालत आलेला. त्याने तिच्या नवऱ्याला मरताना पाहिलेलं असतं आणि तेच सांगायला तो आलेला असतो. ती त्याला वाढते, तो जेवतो. तिचं छप्पर नीट करतो, चार दिवस राहतो. दर वेळी सांगायला तोंड उघडतो, आणि ती काहीतरी हसून बोलली की मिटतो. पाचव्या दिवशी न सांगताच निघून जातो. ती आपली परत बोंबील टांगायला लागते. संपला भाग.

सगळ्या बायका डोळे पुसत म्हणाल्या की किती दयाळू माणूस. मला एवढा संताप आला की मी उठून घरी आले. दयाळू कसला? त्या बाईचे उरलेले दिवस त्याने स्वतःच्या खिशात घालून नेले. तिला रडायचं की वाट पाहायची हे ठरवणारा हा कोण? स्वतःला ते बोलणं जड जात होतं, एवढंच. तुला काय वाटलं ते लिही. रखमी म्हणते मी टीव्हीवरच्या माणसाशी भांडते.

भाऊबीज तीन तारखेला आहे. आठवण म्हणून लिहिलं, आग्रह म्हणून नाही. बाकी लोभाचं तुला सांगायला नको.

तुझी,
वेणू

*

उधवा,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. वेणूस,
आशीर्वाद.

भाग पाहिला. तुझे हात पहिल्या क्षणी ओळखले. मनगटं मोकळी होती. एकही बांगडी नव्हती. मी पूर्वीला विचारलं, तुला दिसते का. तिने पाटीवर 'नाही' लिहिलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला वाटलं, बाईने आपल्या मनाने ठरवलं आणि बांगड्या उतरवल्या. मला कळवलं नाही, पण सावरली. खोटं लिहीत नाही, मला हलकं वाटलं. मग तुझं पत्र आलं आणि त्या वाटसरूबद्दल वाचलं. आता गप्प राहिलो तर तू म्हणतेस तोच मी.

लक्ष्मणकडे दुसरी बोट गेली नव्हती.

वारा फिरला आणि आपली लहान होडी उलटली, हे तुला माहीत आहे. सकाळची वेळ होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही दोघं एकाच तरंगत्या डब्याला धरून होतो. त्याचा पाय जाळ्याच्या दोरात अडकला होता आणि जाळं खाली चाललं होतं. माझ्याकडे कोयता नव्हता. मी त्याचं मनगट धरलं होतं. ते सुटलं की मी सोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. तो माझ्यासमोर गेला. वर आला नाही. मी दुपारपर्यंत तिथेच होतो. जी बोट आली ती माझ्यासाठी आली.

किनाऱ्यावर तू उभी होतीस. काय झालं असं तू विचारलं नाहीस. ह्यांना दुसऱ्या बोटीने घेतलं ना, असं विचारलंस. मला फक्त मान हलवायची होती, ती मी हलवली. म्हटलं, आठ दिवसांनी शांत झाली की सांगू. आठ दिवसांनी तू याद्या वाचायला लागली होतीस. मग मी समुद्र सोडला, गाव सोडलं. गुडघे माझे ठीक आहेत.

एवढी वर्षं दर पत्रावर 'सौ.' लिहिताना माझा हात अडखळायचा. आज लिहिलं नाही.

काय ते बोल. लोभ मागायला तोंड नाही.

भिकूदादा

*

उधवा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. वेणूस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. भाऊबीजेहून नयन परत आला. तू दार उघडलंस, पाणी दिलंस, ओवाळलं नाहीस, आणि वडिलांना काही निरोप आहे का विचारल्यावर आत निघून गेलीस, असं त्याने सांगितलं. तुझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, हेही तो सांगत होता. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. आत्याच्या हातात त्या नेहमीच असतात, असं तो म्हणाला.

वेणू, मग टीव्हीत काय होतं? मी काय समजून बसलो? एका ओळीचं पत्र टाक, शिव्यांचं असलं तरी चालेल.

भिकूदादा

*

डहाणू,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
न. वि. वि. साष्टांग ह्या वेळी होत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जगात कासारच उरला नाही तर त्या बाईच्या हातात काच कुठून येणार, म्हणून शूटिंगवाल्यांना मनगटं रिकामी हवी होती. मी नाही म्हणून निघाले होते. मग कपडे सांभाळणारी हेमाली नावाची पोर माझ्यापाशी येऊन बसली. तिने साबणाच्या पाण्यात एकेक बांगडी उतरवली, एकही वाढू दिली नाही, आणि रुमालात बांधून माझ्याच कमरेला खोचली. शॉट संपला की मी त्या पुन्हा भरायची. दोन दिवसांत नऊ वेळा. प्रत्येक वेळी मनातल्या मनात ह्यांची माफी मागितली. तुला हे लिहिलं नव्हतं, कारण तू रागावशील असं वाटलं होतं.

तेच पाहून तू समजलास की मी सावरले, आणि मग तुला धीर आला. म्हणजे मी मोडेन असं वाटत होतं तोवर तू सांगितलं नाहीस, आणि आता सांगितलंस ते चुकून. दादा, हे मला त्या बातमीपेक्षा जास्त लागलं.

पोस्टमन उमेशने पाकीट दिलं तेव्हा त्यावर नुसतं 'वेणू' होतं. मला वाटलं घाईत राहिलं असेल. पत्र मी वलांडीपाशी उभ्या उभ्या वाचलं. वाचून झाल्यावर उरलेले बोंबील टांगले. टोपलीत ताजा माल होता, तो काय करणार. मग घरात गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आले नाही. रखमीने दार वाजवलं. तिला सांगितलं की डोकं दुखतंय.

मनगट सुटलं की सोडलंस, त्याचा विचार मी खूप केला. त्याबद्दल तुला मी काही विचारणार नाही. समुद्रात माणसाच्या हातात किती असतं ते मी आपल्याच घरात ऐकत मोठी झाले. तेवढं तू तुझ्या डोक्यातून काढ. पण किनाऱ्यावर तू कोरडा, जमिनीवर उभा होतास, आणि ती मान तुझीच होती. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. आज बासष्टची आहे. मधल्या वर्षांत मी एकदाही बाहेरगावी मुक्काम केला नाही, ते आले आणि दार बंद दिसलं तर, म्हणून. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला उधव्याला तुझ्याकडे बोलावून घेतलंस, तेव्हा मी भेटायला येऊन संध्याकाळी परत फिरले आणि ती पहाटे गेली. तू ते बघत होतास. राहा म्हणाला होतास, पण का राहायला हरकत नाही ते म्हणाला नाहीस.

हे सगळं लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

परवा रखमीला सांगितलं. ती आधी खूप रडली, तिचा दीरच तो. मग म्हणाली की आता विधी तरी होऊ दे. माणूस हाती लागला नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. येत्या अमावास्येला, एक तारखेला रविवारी, इथल्या किनाऱ्यावर करायचं ठरलं आहे. अग्नी ह्यांचा भाऊ देईल. बांगड्यांचं काय करायचं ते बायका मला विचारत आहेत. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, ते माझं मी बघीन.

पण दुखवट्याचं लुगडं माहेरून यावं लागतं, आणि ते भावाने आणायचं असतं. ते नयनच्या हाती पाठवायचं नाही, संगीताने निवडायचं नाही. तू स्वतः दुकानात जा, स्वतः घे, आणि काखोटीला मारून एसटीने ये. स्टँडवर कोणी घ्यायला येणार नाही. किनाऱ्याचा रस्ता तुला माहीत आहे. आल्यावर मी तुझ्याशी बोलेन की नाही, ते आज सांगत नाही.

तू मात्र यायचंच आहेस. पत्र मिळाल्याला महिना होत आला, गावभर कळलं, रखमी रडली, तिच्या सुना रडल्या, मला अजून रडायला आलेलं नाही. माहेरचं माणूस दारात येऊन उभं राहिल्याशिवाय बाईला ते येत नाही.

वेणू