धाकटे गेले

सोमवार

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पेपरात फोटो तुझा आहे आणि खाली वय बहात्तर छापलंय. त्या बहात्तरावर जीव टांगून ही चिठ्ठी लिहितेय. शेजारचे ड्रायव्हरकाका ट्रक घेऊन तुझ्या शहरात निघालेत, त्यांच्या हाती देते. उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं बजावलंय.

काल दुकानात एक गिऱ्हाईक बाबांना म्हणालं, तुमच्या आडनावाचा टीव्हीतला नट शूटिंगमध्येच कोसळून गेला. मी शेजारून स्टुडिओत फोन लावला, आडनाव सांगितलं. उचलणाऱ्याने विचारलं, मोठे की धाकटे? मी म्हटलं, धाकटे. घरात तूच ना धाकटा! तर तो शांतपणे म्हणाला, ते मघाशीच गेले. पुढे काय विचारणार? मी फोन ठेवून दिला.

बाबा त्या गिऱ्हाइकाची किल्ली घासत होते, तीच घासत राहिले. दात पार गेले, नुसती पट्टी उरली, तरी हात थांबेना. शेवटी मीच कानस काढून घेतली. नट झालास म्हणून तुझं नाव न घेणारा माणूस, आज सकाळपासून तुझ्या कॉटवर बसून आहे.

पुन्हा फोन करायचा धीर होत नाही. एरवी मेल्या म्हणून हाक मारली असती, आज जीभ रेटत नाही. एक ओळ तरी लिही रे.

जीव मुठीत धरून बसलेली,
ताई

मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

आहे गं, धडधाकट आहे. ड्रायव्हरकाकांनी चिमटा काढून खात्री करून घेतली.

गेले ते मोठे. आमचं आडनाव एकच, म्हणून स्टुडिओत त्यांना मोठे आणि मला धाकटे म्हणतात. नातं काही नाही, मालिकेत मात्र ते माझे वडील. मी त्यांच्याबरोबर गाडीतून हॉस्पिटलला गेलो, तेच फोन उचलणाऱ्या वॉचमनने तुला सांगितलं. पेपरवाल्यांनी वय त्यांचं छापलं आणि आडनाव बघून फोटो माझा उचलला.

ताई, बोलता बोलता ते खुर्चीतून घसरले. मला वाटलं, मोठ्यांना ऐनवेळी काहीतरी सुचलं. म्हणून मी माझं पुढचं वाक्य म्हणून टाकलं. कॅमेरा चालूच होता. सगळे वाहवा करत होते गं!

आता मालिकेत त्यांच्या मरणाचा सीन राहिलाय. डायरेक्टर म्हणतात, त्यांचा कोट आणि विग घालून मीच निजायचं, लांबून घेतील. म्हणजे मेलेला बाप मीच आणि रडणारा मुलगाही मीच. नाही म्हटलं तर मालिका गुंडाळणार, आणि इतक्या खस्ता खाऊन मिळालेलं हे काम हातचं जाणार. शूटिंग शुक्रवारी आहे. पण बाबांनी नुकतंच हे खरं समजून सोसलंय. ते नको म्हणाले तर मी सोडून देईन. विचारशील?

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
ठोंब्या

बुधवार

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

ताई लिहायला बसली होती, मीच पेन काढून घेतलं. अक्षर लावून घे.

काम घे. दुकानात बसला नाहीस याचा मला फार राग होता. परवा तो सगळा उतरला. तू दुकानात नसतास पण कुठेतरी असतास, तर माझं काय बिघडलं असतं, हेच सारखं मनात येत होतं. मोठ्यांच्या घरी कोणी असेल तर माझा नमस्कार सांग.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून मी येतोय. कोपऱ्यात उभा राहीन, कोणाच्या मध्ये येणार नाही. पण तू तसा निजलेला दिसलास की माझा भरवसा नाही. साहेबांनी कट म्हणायला उशीर केला, तर मी हाक मारून तुला उठवीन. त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझा,
बाबा